जुन्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील खेळाडू-प्रशिक्षकाची कारकीर्द कशी लिहावी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयात फुटबॉल खेळलेला आणि पुढे प्रशिक्षक झालेला माणूस निवडून त्याची कारकीर्द लिहायला बसले, तर पहिल्याच बैठकीत भरपूर माहिती हाती लागते. जन्मवर्ष, महाविद्यालयांची नावे, विजयांची संख्या, मिळालेले सन्मान हे सारे तयार सापडते. अडचण नंतर सुरू होते, कारण एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणच्या माहितीशी जुळत नाही. तोच माणूस एकाच वर्षी दोन महाविद्यालयांत दिसतो, प्रशिक्षक असूनही मैदानात खेळताना आढळतो, आणि त्याच्या विजयांची बेरीज प्रत्येक यादीत वेगळी निघते. पुष्कळदा यात कोणाची चूक नसते. तो काळच असा होता, आणि आजच्या प्रशिक्षकाची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून त्याच्याकडे पाहिले की गोंधळ होतो. अशी कारकीर्द कशी जुळवावी, कशी तपासावी आणि मराठीत कशी मांडावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि काळ साधारण १८६९ ते पहिल्या महायुद्धापर्यंतचा धरला आहे.

आधी कोष्टक, मग मजकूर

लेखनाचे एकक नोकरी धरू नये, हंगाम धरावा. त्या काळी फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या सुमारास संपत असे. बहुतेक प्रशिक्षकांची नेमणूकही तेवढ्या आठ-दहा आठवड्यांपुरतीच असे. म्हणून मजकुराचे एकही वाक्य लिहिण्यापूर्वी कोष्टक आखावे आणि त्यात प्रत्येक हंगामाला एक ओळ द्यावी. ओळीत त्या वेळचे महाविद्यालयाचे नाव, खेळाडू की प्रशिक्षक की दोन्ही, संघासोबत प्रत्यक्ष असल्याच्या तारखा, उरलेल्या वर्षातील उपजीविका, झालेले सामने, आणि ही माहिती कोठून घेतली, एवढे रकाने पुरतात. तारखांचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे.

का, ते ग्लेन वॉर्नरच्या उदाहरणावरून समजते. ‘पॉप’ या टोपणनावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा माणूस १८९२ ते १८९४ या काळात कॉर्नेलकडून गार्डच्या, म्हणजे आघाडीच्या फळीत मध्याशेजारच्या, जागी खेळला, तेथेच कायद्याची पदवी घेतली आणि १८९५ मध्ये प्रशिक्षक झाला. त्या वर्षाच्या ओळीत जॉर्जिया विद्यापीठ आणि आयोवा कृषी महाविद्यालय अशी दोन नावे येतात. एक खरे आणि दुसरे खोटे असे समजून एखादे खोडण्याचा मोह होईल, पण दोन्ही खरी आहेत. ऑगस्टमध्ये आयोवात संघाची तयारी करून घ्यायची आणि सप्टेंबरच्या मध्याला जॉर्जियात हजर व्हायचे, अशी त्याची व्यवस्था होती. जॉर्जियाने त्याला आठवड्याला ३४ डॉलर देऊ केले होते. तारखा मांडल्या की विसंगती उरत नाही, आणि त्या काळच्या प्रशिक्षकाचे जगणे कसे होते याचा एक ठोस पुरावाही हाती येतो.

येलचा प्रशिक्षक वॉल्टर कॅम्प याच्या १८९२ च्या ओळीचेही तसेच आहे. येलचा हंगाम संपवून तो डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियाला गेला आणि नव्यानेच उभ्या राहिलेल्या स्टॅनफर्डच्या संघाला त्याने शिकवले. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने तेव्हा हिवाळ्यातही होत. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांच्यातील पहिला सामना तर १९ मार्च १८९२ रोजी झाला होता. त्यामुळे एकाच वर्षी दोन किनाऱ्यांवर दोन संघ ही अशक्य गोष्ट नव्हती.

जॉन हाइझमनचे कोष्टक सरावासाठी उत्तम. त्याचा जन्म २३ ऑक्टोबर १८६९ चा, म्हणजे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेल्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या दोनच आठवडे आधीचा. तो १८८७ आणि १८८८ मध्ये ब्राउनकडून, आणि १८८९ ते १८९१ या काळात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाकडून खेळला. त्यानंतर १८९२ मध्ये ओबर्लिन, १८९३ मध्ये बुख्टेल, १८९४ मध्ये बुख्टेल आणि ओबर्लिन दोन्ही, १८९५ ते १८९९ ऑबर्न, १९०० ते १९०३ क्लेमसन, १९०४ ते १९१९ जॉर्जिया टेक, मग पेन्सिल्व्हेनिया, १९२३ चा एक हंगाम वॉशिंग्टन अँड जेफरसन आणि शेवटी १९२४ ते १९२७ राइस असा त्याचा प्रवास झाला. ओळी भरताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली म्हणजे सुरुवातीच्या तीन वर्षांतील धावपळ आणि नंतरची जॉर्जिया टेकमधील सोळा वर्षांची स्थिरता. एवढ्या थोड्या काळात प्रशिक्षकाचे काम हंगामी मजुरीकडून पक्क्या पदाकडे कसे सरकले, हे त्या एका माणसाच्या ओळींत दिसते. दुसरी गोष्ट नावांची. बुख्टेल महाविद्यालय म्हणजे आजचे अ‍ॅक्रन विद्यापीठ. हाइझमन गेला तेव्हा ऑबर्नचे अधिकृत नाव अलाबामाचे कृषी व यांत्रिकी महाविद्यालय असे होते. वॉर्नरचे आयोवा कृषी महाविद्यालय म्हणजे आजचे आयोवा स्टेट, आणि अमोस अलोन्झो स्टॅग या दुसऱ्या खेळाडू-प्रशिक्षकाने जेथे सुरुवात केली ती वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची प्रशिक्षण शाळा म्हणजे आजचे स्प्रिंगफील्ड कॉलेज. कोष्टकात त्या वेळचे नाव लिहावे आणि आजचे नाव शेजारी नोंदवावे. वृत्तपत्रांचे जुने अंक धुंडाळताना आजचे नाव घातले तर काहीच सापडत नाही, आणि मजकुरात फक्त जुने नाव ठेवले तर वाचक चुकतो.

खेळाडूपण नेमके कधी संपले, हेही ओळीओळीने तपासावे लागते. पात्रतेचे समान नियम नव्हते. पदवीनंतरचा विद्यार्थी खेळू शकत असे आणि महाविद्यालय बदलून पुन्हा खेळता येत असे. अमोस अलोन्झो स्टॅग १८८९ च्या पहिल्या ऑल-अमेरिका संघात, म्हणजे देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या कागदावरच्या निवडीत, येलचा एंड (फळीच्या टोकाचा खेळाडू) म्हणून निवडला गेला, पण त्यानंतर स्प्रिंगफील्डमध्ये तो प्रशिक्षकही होता आणि खेळतही होता. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठ सुरू झाले तेव्हा तेथेही त्याने पहिल्या हंगामात स्वतः मैदानात उतरून संघ उभा केला. फील्डिंग योस्टचे १८९६ हे वर्ष तर अभ्यासकाची परीक्षाच घेते. वेस्ट व्हर्जिनियाचा हा टॅकल (फळीत गार्डच्या बाहेरचा खेळाडू) त्या ऑक्टोबरमध्ये अचानक लाफायेटचा विद्यार्थी झाला, बलाढ्य पेन्सिल्व्हेनियाविरुद्ध खेळला, लाफायेटने पेन्सिल्व्हेनियाची लांबलेली विजयमालिका खंडित केली, आणि काही आठवड्यांत योस्ट पुन्हा वेस्ट व्हर्जिनियात परतला. पुढच्याच वर्षी ओहायो वेस्लियनचा प्रशिक्षक असताना तो मिशिगनविरुद्धच्या सामन्यात स्वतः खेळला. अशा वेळी ‘१८९४ ते १८९६ खेळाडू, १८९७ पासून प्रशिक्षक’ ही सुटसुटीत रेघ सत्याला धरून नसते. दोन भूमिकांची सरमिसळ मजकुरात तशीच दाखवावी. तिला लबाडी ठरवून न्यायनिवाडा करण्याची घाई करू नये, आणि ती झाकूही नये. समकालीनांनी तिच्याविषयी काय आक्षेप घेतले ते सापडले, तर ते त्यांच्या नावावर नोंदवावे.

प्रत्येक आकड्याशेजारी त्या वर्षाचा नियम

गुणफलक वाचताना होणारी चूक सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्यासारखी आहे. १८६९ च्या रटगर्स-प्रिन्स्टन सामन्याचा निकाल ६–४ असा होता. १८९६ च्या लाफायेट-पेन्सिल्व्हेनिया सामन्याचा निकालही ६–४ असाच होता. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते, चेंडू गोल होता, तो हातात घेऊन धावता येत नव्हते, आणि ६ म्हणजे सहा गोल. दुसऱ्यात प्रत्येकी ११ खेळाडू होते, ६ म्हणजे एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) आणि त्यानंतरची यशस्वी किक, तर ४ म्हणजे किक हुकलेला एक टचडाउन. आकडे सारखे असले तरी पहिल्या सामन्यात एकूण दहा वेळा गोल झाला आणि दुसऱ्यात दोन्ही संघांनी एकेकदाच रेषा ओलांडली. हे न सांगता दोन्ही निकाल एका परिच्छेदात ठेवले, तर वाचकाची दिशाभूल होते.

म्हणून कोष्टकाच्या वरच्या बाजूला गुणांची एक पट्टी लिहून ठेवावी. १८८३ मध्ये टचडाउनला २ गुण, त्यानंतरच्या किकला ४ आणि फील्ड गोलला (चालू खेळात किक मारून केलेल्या गोलाला) ५ गुण होते, म्हणजे चेंडू रेषेपार नेण्यापेक्षा पायाने मारलेल्या गोलाला अधिक मोल होते. १८८४ पासून टचडाउन ४ आणि त्यानंतरची किक २ अशी अदलाबदल झाली. १८९८ मध्ये टचडाउन ५ आणि किक १ झाली. फील्ड गोल १९०४ मध्ये ४ वर आणि १९०९ मध्ये ३ वर आला, आणि १९१२ मध्ये टचडाउनला ६ गुण मिळाले. ही पट्टी हाताशी असली की बातमीतील त्रुटीही पकडता येतात. जॉर्जिया टेकने ७ ऑक्टोबर १९१६ रोजी हाइझमनच्या मार्गदर्शनाखाली कंबरलँडचा २२२–० असा पराभव केला. ३२ टचडाउनचे १९२ आणि ३० यशस्वी किकचे ३०, ही बेरीज १९१२ च्या नियमाने बरोबर २२२ येते. त्याउलट मिशिगनने योस्टच्या पहिल्याच, म्हणजे १९०१ च्या, हंगामात केलेले ५५० गुण ५ गुणांच्या टचडाउनच्या काळातील आहेत. या दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये. कंबरलँडच्या निकालाला आणखी एक संदर्भ हवा. त्या महाविद्यालयाने आपला फुटबॉल संघ त्या हंगामापूर्वीच बंद केला होता, आणि ठरलेला सामना न खेळल्यास दंड भरावा लागेल म्हणून जमवाजमव करून खेळाडू पाठवले होते. ही गोष्ट वगळली तर हाइझमनच्या संघाविषयीचे वाक्य खरे राहूनही खोटे चित्र उभे करते.

गुणांइतकाच खेळाचा आराखडाही बदलत गेला, आणि प्रशिक्षकाचे डावपेच समजावून देताना तो सांगावाच लागतो. १८८० मध्ये कॅम्पच्या आग्रहाने संघ ११ जणांचा झाला आणि चेंडू कोणत्या संघाच्या ताब्यात आहे हे ठरवणारी स्क्रिमेज रेषा आली. १८८२ मध्ये तीन डाउनमध्ये, म्हणजे चढाईच्या तीन प्रयत्नांत, ५ यार्ड पुढे जाण्याची अट आली. ५ यार्डच मिळवायचे असल्याने सगळे बळ एका ठिकाणी एकवटून धडक देणे फायद्याचे ठरले, आणि त्यातूनच १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध वापरलेल्या ‘फ्लाइंग वेज’सारख्या (पाचरीच्या आकारात एकत्र धावून धडकण्याच्या) धोकादायक रचना निघाल्या. जखमा आणि मृत्यू वाढले. ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. १९०६ च्या नियमांनी पुढे फेकलेला पास वैध केला आणि तीन डाउनमध्ये १० यार्डांची अट घातली. चौथा डाउन १९१२ मध्ये आला. त्यामुळे १९०५ पर्यंतच्या हंगामांतील डावपेच आणि १९०६ नंतरचे डावपेच एकाच मापाने मोजता येत नाहीत. एखादा प्रशिक्षक १९०४ पर्यंत सतत जिंकत होता आणि १९०८ मध्ये अडखळला, तर त्याची बुद्धी मंदावली असे लिहिण्यापूर्वी त्याच्या हातून कोणते डाव काढून घेतले गेले होते, ते पाहावे.

पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक खड्डा आहे. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी १९०६ पासून काही वर्षे अमेरिकन फुटबॉल सोडून रग्बी स्वीकारला होता. त्या वर्षांचे निकाल जुन्या वृत्तपत्रांत ‘फुटबॉल’ म्हणूनच छापलेले सापडतात.

तेव्हाचा ‘प्रशिक्षक’ कोण होता

हा शब्द मजकुरात पहिल्यांदा येईल तेथेच त्याचा त्या काळचा अर्थ स्पष्ट करावा. पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांत संघाचा खरा अधिकारी कर्णधार असे. सराव तो ठरवी, खेळाडू तो निवडी, आणि पदवीधर झालेले माजी खेळाडू हंगामात काही दिवस येऊन आपापल्या जागेचे कौशल्य नव्या मुलांना शिकवत. त्याबद्दल पैसे घेणे अनेकांना गैर वाटे. सामना चालू असताना मैदानाबाहेरून सूचना देण्यास नियमांनी दीर्घकाळ मनाई होती. त्यामुळे प्रशिक्षकाचे काम सामन्यापूर्वीच संपत असे, आणि मैदानावरचे निर्णय खेळाडूच घेत. ‘त्याने अखेरच्या क्षणी डाव बदलला’ असे वाक्य १८९० च्या दशकाविषयी लिहायचे असेल, तर त्याला पक्का पुरावा पाहिजे.

वॉल्टर कॅम्प १८८८ ते १८९२ या काळात येलचा प्रशिक्षक म्हणून नोंदला जातो, पण त्याची उपजीविका न्यू हेवन क्लॉक कंपनी या घड्याळांच्या कारखान्यातील नोकरीवर चालत होती. दुपारच्या सरावाला त्याला नेहमी जाता येत नसे. १८८८ मध्ये त्याची पत्नी अ‍ॅलिस सरावाला जाऊन टिपणे काढी, आणि संध्याकाळी त्या टिपणांवर घरी खेळाडूंशी चर्चा होई. अ‍ॅलिस कॅम्पचे हे काम जुन्या यशोगाथांत एका ओळीत उरकलेले असते. तिला त्या हंगामाच्या ओळीत स्वतंत्र जागा द्यावी असे मला मनापासून वाटते, कारण शिकवण्याचे प्रत्यक्ष काम कोणी केले हा आपला विषयच आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला स्टॅग आहे. शिकागोचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर येलमध्ये त्याचे शिक्षक होते. त्यांनी त्याला शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख आणि सहयोगी प्राध्यापक म्हणून नेमले. हंगामापुरत्या कराराऐवजी विद्यापीठाच्या अध्यापकवर्गात जागा मिळाल्यामुळे तो १८९२ ते १९३२ अशी एकेचाळीस हंगामांची कारकीर्द एकाच ठिकाणी करू शकला. योस्ट, वॉर्नर, हाइझमन या तिघांकडेही कायद्याची पदवी होती. ती त्यांनी का घेतली आणि वापरली का नाही, हे उपजीविकेच्या रकान्यातून स्पष्ट होत जाते. हाइझमन तर हंगामाबाहेर रंगभूमीवर काम करत असे आणि बेसबॉलचेही प्रशिक्षण देत असे. बहुतेक प्रशिक्षक एकाहून अधिक खेळ शिकवत. म्हणून फुटबॉलच्या ओळींमधली मोकळी जागा म्हणजे रिकामा काळ, असे धरू नये.

पुरावा कसा तोलावा

सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र, विद्यार्थ्यांचे दैनिक, महाविद्यालयाचे वार्षिक, आणि कित्येक वर्षांनी लिहिलेल्या आठवणी, असा साधारण विश्वासाचा उतरता क्रम लावावा. खर्चाच्या वह्या मात्र सापडल्या तर सगळ्यांच्या वर जातात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या नावाने जुनी वृत्तपत्रे विनामूल्य खुली केली आहेत. विद्यार्थ्यांच्या पत्रांपैकी हार्वर्ड क्रिमझन १८७३ पासूनचे, प्रिन्स्टनचे विद्यार्थी दैनिक १८७६ पासूनचे आणि येल डेली न्यूज १८७८ पासूनचे आहे. दर वर्षी निघणाऱ्या, स्पाल्डिंग या क्रीडासाहित्याच्या कंपनीच्या फुटबॉल मार्गदर्शिकांत नियम, निकाल आणि संघांची छायाचित्रे असत. बातमी वाचताना ती कोणत्या गावच्या वृत्तपत्राची आहे याची नोंद ठेवावी, आणि शक्य असेल तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या गावचे वृत्तपत्रही पाहावे. वादग्रस्त निर्णयांविषयी दोन गावांच्या बातम्यांत हमखास फरक आढळतो, आणि तो फरक मजकुरात ठेवण्याजोगा असतो.

खर्चाच्या वहीचे मोल विल्यम ‘पज’ हेफेलफिंगरच्या प्रकरणात दिसते. येलचा हा गार्ड १८८९, १८९० आणि १८९१ असा सलग तीन वर्षे ऑल-अमेरिका संघात होता, आणि पुढे कॅलिफोर्निया, लीहाय व मिनेसोटा येथे त्याने प्रशिक्षण दिले. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी तो पिट्सबर्ग परिसरातील अ‍ॅलिगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनकडून खेळला आणि त्याच्या एका टचडाउनवर संघ ४–० असा जिंकला. त्याला पैसे दिले गेल्याची कुजबुज त्या वेळीही होती. पण क्लबच्या हिशेबाचे पान कित्येक दशकांनी उजेडात आले, त्यात त्याच्या नावापुढे खेळण्याबद्दल ५०० डॉलर लिहिलेले होते, आणि तेव्हा कुठे तो पहिला ज्ञात व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला. ‘ज्ञात’ हा शब्द येथे अत्यावश्यक आहे. त्याच्याआधी कोणी पैसे घेतलेच नाहीत, असे ते पान सांगत नाही.

इतिहासकाराचे हितसंबंधही तपासावेत. पार्क डेव्हिस प्रिन्स्टनकडून खेळला, विस्कॉन्सिन, अ‍ॅमहर्स्ट आणि लाफायेट येथे प्रशिक्षक होता, आणि नंतर या खेळाचा मोठा इतिहासकार झाला. मागील वर्षांचे राष्ट्रीय विजेते कोण, याची त्याने केलेली यादी १९३३ मध्ये छापली गेली आणि आजही तिचा आधार घेतला जातो. त्या यादीत १८९६ साठी प्रिन्स्टन आणि लाफायेट अशी संयुक्त नावे आहेत. प्रिन्स्टन हे त्याचे स्वतःचे महाविद्यालय होते, आणि १८९६ च्या लाफायेटचा प्रशिक्षक तो स्वतःच होता. यामुळे निवड चुकीची ठरत नाही, कारण त्या लाफायेटने खरोखरच पेन्सिल्व्हेनियाला हरवले होते. पण ‘१८९६ चे राष्ट्रीय विजेते’ असे लिहिताना ते कोणी आणि केव्हा ठरवले, हे त्याच वाक्यात यायला हवे. ऑल-अमेरिका संघाचीही हीच रीत. १८८९ च्या पहिल्या संघातील अकराही खेळाडू येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टनचे होते, आणि तो संघ क्रीडापत्रकार कॅस्पर व्हिटनीने निवडला की कॅम्पने, यावर मतभेद आहेत. वेस्ट व्हर्जिनियात खेळणारा योस्ट अशा यादीत नसणे, यावरून त्याच्या खेळाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आठवणींबाबत सर्वाधिक सावधपणा हवा. हाइझमनने नंतर सांगितले, की १८९५ मध्ये अटलांटात नॉर्थ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांच्या सामन्यात त्याने पुढे फेकलेला चेंडू पाहिला, तो डाव नियमबाह्य असूनही मान्य झाला, आणि तेव्हापासून पास वैध व्हावा यासाठी तो प्रयत्न करत राहिला. त्या सामन्यात जॉर्जियाचा प्रशिक्षक वॉर्नर होता. गोष्ट विलक्षण सुंदर आहे आणि बहुधा तिच्या मुळाशी तथ्यही असेल, तरी ती लिहिताना ‘हाइझमनच्या आठवणीनुसार’ हे शब्द सोडू नयेत. ‘प्रथम’ या विशेषणाचेही तसेच आहे. सदऱ्यात चेंडू लपवून धावण्याचा डाव वॉर्नरच्या कार्लाइल या निवासी शाळेच्या संघाने १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध वापरला आणि तो त्याच्या नावावर प्रसिद्ध झाला, पण हाइझमनच्या ऑबर्नने तशीच युक्ती १८९५ मध्ये व्हँडरबिल्टविरुद्ध केली होती. डावापूर्वी गोल करून उभे राहण्याचे, म्हणजे हडलचे, श्रेय कित्येकदा स्टॅगला दिले जाते. मात्र कर्णबधिरांच्या गॅलोडेट महाविद्यालयातील खेळाडूंनी हातांच्या खुणा प्रतिस्पर्ध्यांना दिसू नयेत म्हणून १८९० च्या दशकातच ही पद्धत अवलंबली होती. ‘सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एक’ असे म्हटल्याने कोणाचे मोठेपण कमी होत नाही.

विजयांची एकूण संख्या शक्यतो शेवटी लिहावी, आणि ती कोणत्या यादीनुसार आहे हे सांगावे. वॉर्नरच्या विजयांचा आकडा कुठे ३१३, तर कुठे ३१९ असा आढळतो. स्टॅगचे ३१४ विजय हा विक्रम मानला जात होता आणि अलाबामाचा प्रशिक्षक ‘बेअर’ ब्रायंट याने नोव्हेंबर १९८१ मध्ये ३१५ वा विजय मिळवून तो मागे टाकला, एवढे निश्चित आहे. पण सुरुवातीच्या संघांच्या वेळापत्रकांत माध्यमिक शाळा, क्लब, वायएमसीएचे संघ आणि माजी विद्यार्थ्यांचे संघ असत. स्टॅगच्या शिकागोने १८९२ मध्ये शाळकरी मुलांच्या संघांशीही सामने खेळले. यातील कोणते सामने मोजायचे, आणि दोन महाविद्यालये एकदम सांभाळणाऱ्या प्रशिक्षकाच्या नावावर त्याच्या गैरहजेरीतील निकाल टाकायचे का, हे प्रत्येक यादीकाराने आपापल्या परीने ठरवले आहे. आपण स्वतः बेरीज केली, तर निकष लिहून मगच ती द्यावी.

विजयांच्या यादीत न बसणाऱ्या गोष्टी

काही कारकिर्दींचा अर्थ मैदानाबाहेर दडलेला असतो. विल्यम हेन्री लुईस यांचा जन्म १८६८ मध्ये व्हर्जिनियात, पूर्वी गुलामीत असलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. ते अ‍ॅमहर्स्टचे कर्णधार होते, हार्वर्डमध्ये कायदा शिकताना सेंटरच्या, म्हणजे फळीच्या मध्यावरच्या, जागी खेळले, आणि १८९२ व १८९३ मध्ये ऑल-अमेरिका संघात निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १८९५ ते १९०६ या काळात त्यांनी वकिली सांभाळून हार्वर्डच्या संघाला सहायक प्रशिक्षक म्हणून शिकवले, आणि १९११ मध्ये ते अमेरिकेचे सहायक महान्यायवादी झाले. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम या खेळातील नामवंतांच्या सन्मानयादीत त्यांचे नाव २००९ मध्ये आले, तर स्टॅग, वॉर्नर, योस्ट, कॅम्प हे १९५१ च्या पहिल्याच तुकडीत होते. या ५८ वर्षांच्या अंतरावर टीकाटिप्पणी करण्याची गरज नाही. दोन्ही वर्षे जवळजवळ लिहिली की पुरते.

वॉर्नरविषयी लिहिताना कार्लाइलला टाळता येत नाही. पेन्सिल्व्हेनियातील ही निवासी शाळा १८७९ मध्ये मूळनिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि रीतिरिवाजांपासून तोडून ‘सुसंस्कृत’ करण्याच्या सरकारी धोरणातून उघडली होती. वॉर्नरच्या नावावरचे काही सर्वांत कल्पक डाव याच मुलांनी खेळून दाखवले. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने शाळेच्या कारभाराची चौकशी केली. तीत खेळाडूंनी वॉर्नरच्या वागणुकीविषयी आणि क्रीडानिधीविषयी तक्रारी मांडल्या, आणि १९१५ च्या हंगामात तो पिट्सबर्गला गेलेला होता. प्रशिक्षकाच्या चरित्रात खेळाडूंचे शब्द क्वचितच मिळतात. येथे ते शपथेवर दिलेल्या साक्षींच्या रूपाने उपलब्ध आहेत. त्यांना विजयांच्या परिच्छेदानंतरच्या एखाद्या कोपऱ्यात न ढकलता १९०७ ते १९१४ या हंगामांच्या मध्यभागी ठेवावे.

मराठीत मांडताना

पहिल्याच परिच्छेदात हा कोणता फुटबॉल ते स्पष्ट करावे, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पायाने खेळला जाणारा खेळ येतो. टचडाउन, फील्ड गोल, डाउन, टॅकल, गार्ड, सेंटर, एंड हे शब्द तसेच ठेवून पहिल्या वापराच्या वेळी एका वाक्यात समजावून द्यावेत. टचडाउनला ‘गोल’ म्हटले तर १८८३ च्या गुणांचे सगळे गणित उलटेपालटे होते. हंगाम, सामना, कर्णधार, बरोबरी, आघाडीची फळी, सराव हे क्रीडापानांतले रुळलेले शब्द मात्र निःसंकोच वापरावेत. यार्डांचे मीटर करू नयेत, कारण नियमच यार्डांत बांधलेले आहेत.

मजकूर वर्षांच्या क्रमाने लिहावा, पण प्रत्येक हंगामाला सारखी जागा देण्याची गरज नाही. कोष्टकात ओळ असली म्हणजे परिच्छेद हवाच असे नाही. योस्टच्या १८९७ ते १९०० या काळात ओहायो वेस्लियन, नेब्रास्का, कॅन्सस आणि स्टॅनफर्ड अशी चार वर्षांत चार महाविद्यालये येतात. ती एका लांब वाक्यात आटोपावीत आणि जागा १८९६ च्या त्या ऑक्टोबरला व १९०१ च्या हंगामाला द्यावी. १ जानेवारी १९०२ रोजी मिशिगनने स्टॅनफर्डला ४९–० असे हरवले, तेव्हा आदल्याच हंगामात आपण शिकवलेल्या महाविद्यालयासमोर योस्ट उभा होता, हे कोष्टकाच्या दोन लगतच्या ओळींवरून कळते. तयार चरित्रांत ते सहसा दोन वेगळ्या परिच्छेदांत विखुरलेले असते.

शेवटची ओळ कोणती, हेही ठरवावे लागते. स्टॅगला शिकागोने सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे निवृत्त केले, पण त्याने ती शेवटची ओळ मानली नाही. १९३३ मध्ये तो कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये रुजू झाला, १९४३ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी देशातील वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला, आणि १९४७ ते १९५२ या काळात सस्क्वेहॅना विद्यापीठात आपल्या मुलाच्या जोडीने काम करत राहिला. १९६५ मध्ये १०२ व्या वर्षी त्याचे निधन झाले. १९५२ पर्यंतची प्रत्येक ओळ भरून, आणि पॅसिफिकचे निकाल शिकागोच्या निकालांत न मिसळता, त्याचे कोष्टक पूर्ण करावे.